सणाच्या रात्रीचा हल्ला

गणपती जवळ आले की आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर एक जुना संदेश नेमाने परत येतो. व्हिएतनामसारख्या छोट्या देशाने अमेरिकेला कसे नमवले, असे कुणा पत्रकाराने त्यांच्या अध्यक्षांना विचारले; अध्यक्ष उत्तरले की आम्ही शिवाजी महाराजांचे चरित्र वाचले होते. पुढे त्यांचे परराष्ट्रमंत्री रायगडावर जातात, तिथली माती पिशवीत भरून घेतात, आणि वाचणाऱ्याचा ऊर भरून येतो. आमचाही येत असे. दर खेपेला तपशील थोडे हललेले असतात आणि एखादे जुने कात्रण, भाषणाची प्रत असे काहीच सोबत नसते, हे लक्षात यायला आम्हालाही बरीच वर्षे लागली.

मागच्या उत्सवात या संदेशाखाली कुणीतरी भर घातली की १९६८ चा टेटचा हल्ला म्हणजे लाल महालाचीच व्हिएतनामी आवृत्ती. ही तुलना तपासून पाहण्याजोगी होती, कारण वरवर ती पटते. दोन्हीकडे रात्र. दोन्हीकडे सणाचे दिवस, कारण ५ एप्रिल १६६३ चा शाहिस्तेखानावरचा छापा रमजानच्या महिन्यातला. दोन्हीकडे बलाढ्य शत्रूच्या थेट माजघरात शिरणे. आम्ही वाचत गेलो, आणि जसजसे वाचले तसतशी तुलना उलटी पडत गेली. ती कशी, हे सांगण्यासाठी हा लेख.

टेट म्हणजे व्हिएतनामी नववर्ष. ते चांद्र पंचांगाप्रमाणे जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत येते. आपली दिवाळी, पाडवा आणि पितरांचे स्मरण एकत्र केले तर जे होईल तसा हा सण. घरे झाडून-रंगवून होतात, देणी फेडली जातात, पूर्वजांना घरी बोलावून नैवेद्य दाखवला जातो, तेव्हा फटाकेही वाजत, आणि परगावी असलेला प्रत्येक माणूस घराकडे निघतो. युद्ध चालू असतानाही या दिवसांत दोन्ही बाजू तात्पुरता युद्धविराम जाहीर करीत. १९६८ सालीही तो जाहीर झाला होता. दक्षिण व्हिएतनामच्या सैन्यातले जवळजवळ निम्मे शिपाई रजेवर गेले होते. खुद्द अध्यक्ष न्गुयेन व्हान थिऊ सासुरवाडीला, मी थो या गावी होते.

हल्ल्याची कल्पना हनोईची, आणि तिच्यामागचा जोर कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख ले दुआन यांचा. तिला नाव होते ‘सर्वंकष हल्ला, सर्वंकष उठाव’. दक्षिणेतल्या सगळ्या शहरांवर एकाच वेळी तुटून पडायचे. तसे केले की लोक आपोआप रस्त्यावर येतील, दक्षिणेचे सैन्य फुटेल, सायगॉनचे सरकार कोसळेल, मग अमेरिकेला तिथे राहायला कारणच उरणार नाही, असा हिशेब. १९५४ साली दिएन बिएन फू येथे फ्रेंचांना गुडघे टेकायला लावणारे जनरल गियाप यांना ही घाई पसंत नव्हती. योजना पक्की होत होती त्या महिन्यांत ते उपचारासाठी हंगेरीत होते, आणि म्हातारे, आजारी हो चि मिन्ह चीनमध्ये. हल्ल्यानंतर जगाने या दोघांचे फोटो छापले. निर्णय मुख्यतः दुसऱ्यांचा होता.

अमेरिकेची नजर तेव्हा भलतीकडेच होती. २१ जानेवारीला उत्तर सीमेजवळच्या खे सान्ह या डोंगराळ तळाला वेढा पडला. आत सुमारे सहा हजार सैनिक, सभोवती उत्तर व्हिएतनामच्या पलटणी. दुसरे दिएन बिएन फू होणार या धास्तीने अध्यक्ष जॉन्सन यांनी व्हाइट हाउसमध्ये त्या तळाची प्रतिकृतीच मांडून घेतली होती. तिकडे ते टेकड्या न्याहाळत असताना इकडे फुलांच्या गाड्यांतून, तांदळाच्या पोत्यांखालून, खोट्या अंत्ययात्रांच्या शवपेट्यांतून बंदुका शहरांत येत होत्या. सायगॉन भागाचे सेनापती फ्रेडरिक वेयंड यांना मात्र पकडलेले निरोप आणि शत्रूच्या हालचाली पाहून काहीतरी शिजत असल्याचा वास आला, आणि त्यांनी सीमेकडे जाणाऱ्या पंधरा पलटणी जानेवारीतच शहराजवळ मागे आणवल्या. हा एक निर्णय पुढे फार कामाला आला.

आणि मग पंचांगाचा घोटाळा झाला. हा भाग आम्हाला सगळ्यात मजेचा वाटला. आपल्याकडे टिळक पंचांगवाले आणि दाते पंचांगवाले यांचे गणपती कधीकधी वेगळ्या वेळी येतात, तेव्हा फार तर मोदक दोनदा मिळतात. उत्तर व्हिएतनामने १९६७ साली आपले पंचांग आपल्या प्रमाणवेळेनुसार नव्याने बसवून घेतले. दक्षिणेत जुनेच चालू राहिले. त्या वर्षी अमावास्येचा क्षण मध्यरात्रीच्या अगदी जवळ आला. एका हिशेबाने तो २९ जानेवारीत पडत होता, दुसऱ्या हिशेबाने ३० जानेवारीत. त्यामुळे उत्तरेचा टेट २९ तारखेला आणि दक्षिणेचा ३० ला. हल्ल्याचा मुहूर्त ‘टेटच्या पहिल्या दिवसाची रात्र’ असा. मध्य व्हिएतनाममधल्या तुकड्यांनी एक पंचांग धरले, इतरांनी दुसरे. परिणामी दा नांग, न्या त्रांग, प्लेकू अशा काही ठिकाणी हल्ला एक दिवस आधीच सुरू झाला. युद्धविराम रद्द झाला, शिपायांना परत बोलावण्यात आले. पण गावी पोहोचलेल्या माणसाला भर सणात एका दिवसात परत कोण आणणार?

दा नांगचे नाव आले म्हणून उत्सवाच्या अंकात एक सांगावेसे वाटते. या शहरात चंपा राज्याच्या शिल्पांचे मोठे संग्रहालय आहे, आणि त्यात मी सन येथील मंदिरसमूहातून आणलेला, बाराशे वर्षांहून जुना, उभा गणपती आहे. युद्धाच्या त्या वर्षांत तो संग्रहालयात होता म्हणून राहिला. मी सनमधले सर्वांत देखणे मंदिर १९६९ साली अमेरिकन बॉम्बहल्ल्यात गेले.

३० जानेवारी उलटून ३१ उजाडण्याआधी मुख्य हल्ला झाला. सुमारे ऐंशी हजार माणसे एकाच वेळी बाहेर पडली. ४४ पैकी ३६ प्रांतांच्या मुख्य शहरांवर, सहापैकी पाच मोठ्या स्वायत्त शहरांवर आणि साठाहून अधिक तालुक्यांच्या गावांवर. सायगॉनमध्ये पहिला गोळीबार ऐकून पुष्कळांना फटाकेच वाटले.

त्या रात्रीच्या सायगॉनमधले काही तपशील विसरता येत नाहीत. ‘फो’ म्हणजे तांदळाच्या शेवयांचे सूप. अशा सूपाच्या एका साध्या दुकानाच्या माडीवर शहरातल्या हल्ल्याचे मुख्यालय होते, आणि खाली अमेरिकन सैनिक वर्षानुवर्षे बसून सूप खात आले होते. दुसऱ्या एका घराच्या फरशीखाली तळघर खणून सुमारे दोन टन शस्त्रे साठवलेली होती; घराचा मालक खुद्द अध्यक्षीय प्रासादाच्या सजावटीची कंत्राटे घेत असे. तिथून निघालेली पंधराएक माणसे प्रासादाच्या फाटकावर चालून गेली, आत शिरू शकली नाहीत, आणि समोरच्या अर्धवट बांधलेल्या इमारतीत शिरून शेवटपर्यंत लढली. नभोवाणी केंद्र दुसऱ्या गटाने घेतले. उठावाची हाक देणारी हो चि मिन्ह यांच्या आवाजातली ध्वनिफीत त्यांच्याजवळ होती. पण प्रक्षेपणाचा मनोरा शहराबाहेर दूर होता, आणि ठरलेली खूण मिळताच तिकडच्या लोकांनी केंद्राशी असलेली जोडणी तोडून टाकली. ती हाक कुणालाही ऐकू गेली नाही.

अमेरिकन वकिलातीची नवी कोरी इमारत उघडून चार महिने झाले होते. पहाटे पावणेतीनच्या सुमारास एकोणीस जणांनी तिच्या आवाराच्या भिंतीला सुरुंगाने भगदाड पाडले आणि ते आत घुसले. सहा तास झुंज चालली. पाच अमेरिकन मेले. हल्लेखोर मुख्य इमारतीत शिरू शकले नाहीत. सकाळी त्यांचे मृतदेह बागेतल्या कुंड्यांभोवती पडले होते. लष्करी दृष्टीने या प्रसंगाला काडीचे महत्त्व नव्हते. पण छायाचित्रकार आणि दूरचित्रवाणीचे लोक जवळच राहत होते, चालत आले, आणि जे दिसले ते अमेरिकेतल्या घराघरात गेले.

तळांवरचे हल्ले याहून कितीतरी मोठे होते, पण बातम्यांत मागे पडले. तान सोन न्युत हा सायगॉनचा प्रचंड विमानतळ. सेनापती वेस्टमोरलंड यांचे मुख्यालय तिथेच. त्याच्या पश्चिम फाटकातून शेकडो माणसे धावपट्टीकडे शिरली. कू ची येथून निघालेल्या चिलखती तुकडीला तिच्या प्रमुखाने वरून हेलिकॉप्टरमधून प्रकाशगोळे टाकत अंधारात आडरानातून वाट दाखवली, कारण हमरस्त्यावर दबा धरून बसलेले असणार हे उघड होते. ती तुकडी वेळेवर पोहोचली म्हणून विमानतळ वाचला. बिएन होआ विमानतळावरही असाच प्रसंग आला, आणि लाँग बिन्ह येथला दारूगोळ्याचा काही साठा प्रचंड स्फोटात उडाला. पण दोनतीन दिवसांत बहुतेक ठिकाणी खेळ संपला. वेयंड यांनी मागे आणलेल्या पलटणी जवळच होत्या. लहान लहान गटांनी मोक्याच्या जागा घेऊन दोन दिवस धरून ठेवायच्या, मग मागून मोठी फौज येईल, शहर उठेल, असे ठरले होते. फौज आली नाही. शहरही उठले नाही. लोकांनी दारे लावून घेतली.

आता लाल महालाकडे वळू. महाराज निवडक माणसे घेऊन आत गेले, खानाची बोटे गेली, त्याचा मुलगा पडला, आणि पहाटेच्या आत मंडळी बाहेर पडली. पुणे धरून बसण्याचा विचार कुणाच्या मनालाही शिवला नाही. शहर मोगलांच्या ताब्यात होते तसेच राहिले. खानाची अब्रू तेवढी गेली आणि त्याची रवानगी बंगालला झाली. आपली माणसे राखायची, शत्रूला दिसण्याआधी नाहीसे व्हायचे, आणि जागेचा लोभ धरायचा नाही, हा गनिमी काव्याचा गाभा. व्हिएतकाँगने आधीची सातआठ वर्षे नेमके हेच केले होते. टेटच्या रात्री त्यांनी ते सोडून दिले. जंगलातून, भुयारांतून वर्षानुवर्षे न दिसणारी माणसे उजेडात आली, शहरांच्या चौकांत उभी राहिली, आणि जिथे तोफा, विमाने, रणगाडे सगळे शत्रूकडे होते त्याच मैदानात जागा धरून बसली. ही गनिमी काव्याची पुढची पायरी होती असे हनोईचे म्हणणे. आम्हाला तो गनिमी काव्याचा त्याग वाटतो.

ग्वाल्हेरकरांना हे फार समजावून सांगायला नको. १८५८ च्या मे महिन्यात काल्पी हातची गेल्यावर रावसाहेब पेशवे, झाशीची राणी आणि तात्या टोपे यांनी अचानक ग्वाल्हेरवर झडप घातली. १ जूनला मुरारजवळ जयाजीरावांची फौजच त्यांना जाऊन मिळाली, महाराज आग्र्याकडे निघून गेले, आणि किल्ला, खजिना, तोफखाना सगळे जवळजवळ न लढता मिळाले. इतका सुंदर अनपेक्षित हल्ला त्या युद्धात दुसरा क्वचितच झाला असेल. पण मग ते इथे थांबले. दरबार भरले, जेवणावळी उठल्या. १६ जूनला सर ह्यू रोझ मुरारला पोहोचला, कोटा की सराय येथे राणी पडली, आणि २० जूनपर्यंत किल्लाही गेला. तात्या निसटला तो मात्र पुढे दहा महिने इंग्रजांच्या हाती लागला नाही, कारण त्यानंतर त्याने कुठलेच शहर धरून ठेवले नाही. आमच्यापैकी काहींची घरे लष्करात फुलबागेच्या जवळपास आहेत. राणीच्या समाधीवरून रोज जाणे-येणे असते. शहर घेणे आणि शहर राखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लहानपणापासून पाहत आलो.

व्हिएतनामींना टेटच्या हल्ल्यासाठी पुण्याकडे पाहण्याची गरजही नव्हती. त्यांचा स्वतःचा दाखला होता. १७८९ च्या टेटमध्ये, म्हणजे इकडे महादजी शिंद्यांच्या फौजांनी गुलाम कादिराचा निकाल लावला त्याच हिवाळ्यात, क्वांग त्रुंग या राजाने हनोई बळकावून बसलेल्या चिनी फौजेवर सणाच्या पाचव्या दिवशी झडप घातली. आपल्या सैनिकांना त्याने टेट आधीच साजरा करायला लावला होता. चिनी फौज मेजवान्यांत होती. ती पळत सुटली. आणि जिंकल्यावर लगेच या राजाने चिनी सम्राटाकडे नजराणे पाठवून तह जुळवला. १९६८ च्या आखणीत पहिला भाग या गोष्टीतून घेतलेला दिसतो. क्वांग त्रुंगजवळ मात्र हातात सलग मोठी फौज होती, आणि समोर थकलेले, परके, घरी जायला उत्सुक सैन्य.

हुए शहरात हल्लेखोर खरोखरच टिकले, आणि तिथेच सगळ्यात भयंकर गोष्टी घडल्या. हुए ही जुनी राजधानी. परफ्यूम नदीच्या काठी तटबंदी, आत राजवाडा. ३१ जानेवारीच्या सकाळी तटाच्या ध्वजस्तंभावर व्हिएतकाँगचा झेंडा दिसला, तो पंचवीस दिवस उतरला नाही. अमेरिकन आणि दक्षिण व्हिएतनामी सैनिकांना घर न् घर लढून शहर परत घ्यावे लागले. सुरुवातीला प्राचीन वास्तू म्हणून जड शस्त्रे वापरण्यावर बंधने होती. ती लवकरच सुटली. १,४०,००० वस्तीच्या शहरात एक लाखाहून अधिक लोक बेघर झाले.

शहर ताब्यात असताना हल्लेखोरांनी याद्या घेऊन दारे ठोठावली होती. सरकारी नोकर, शिक्षक, कॅथलिक, परदेशी डॉक्टर, आणि पुष्कळसे कुणाच्याच यादीत नसलेले. पुढच्या काळात वाळूच्या टेकड्यांत आणि ओढ्यांत सुमारे २,८०० मृतदेह सापडले. काहींचे हात तारेने बांधलेले होते. हनोईने या हत्याकांडाची जबाबदारी कधी सरळ स्वीकारली नाही. दुसऱ्या बाजूने, अमेरिकन बॉम्बखाली गाडल्या गेलेल्यांची वेगळी मोजदाद कुणी केली नाही. न्या का ही लेखिका वडिलांच्या अंत्यविधीसाठी त्याच दिवसांत हुएला गेली होती आणि अडकली. तिने १९६९ साली त्यावर पुस्तक लिहिले, दोन्ही बाजूंना न सोडता. १९७५ नंतर विजेत्यांनी ते जप्त केले आणि तिला तुरुंगात घातले.

मग टेटमध्ये जिंकले कोण? मैदानातला हिशेब स्वच्छ आहे. मे आणि ऑगस्टमध्ये हल्ल्याच्या आणखी दोन लाटा झाल्या, आणि तीन लाटा मिळून हल्लेखोरांची एक लाखाहून अधिक माणसे मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. हा आकडा पुढे हनोईच्याच कागदांतून बाहेर आला. त्यांतली पुष्कळशी दक्षिणेतली जुनी, मुरलेली माणसे होती, ज्यांना गल्लीबोळ माहीत होते. त्यांची जागा उत्तरेकडून आलेल्या नियमित पलटणींनी घेतली. ३० एप्रिल १९७५ रोजी सायगॉन पडले ते रणगाडे घेऊन आलेल्या नियमित सैन्यापुढे. म्हणजे शेवटचा विजयही गनिमी काव्याचा नव्हे. टेटच्या लढाईतले दक्षिणेकडचे सेनापती त्रान व्हान त्रा यांनी १९८२ साली लिहिले की आपण स्वतःची ताकद नीट जोखली नव्हती आणि झेपणार नाहीत अशी उद्दिष्टे ठेवली होती. त्यांचे पुस्तकही बाजारातून काढून घेण्यात आले.

आणि तरी अमेरिका तिथून निघाली ती टेटमुळेच. कारण नोव्हेंबर १९६७ मध्ये वेस्टमोरलंड वॉशिंग्टनला येऊन जाहीर सभेत सांगून गेले होते की शेवट आता दृष्टिपथात आहे. पाच लाखांच्या घरात सैन्य तिथे होते, दररोज मारलेल्या शत्रूंचे आकडे छापून येत होते. मग दोन महिन्यांनी लोकांनी वकिलातीच्या बागेतली प्रेते पाहिली. १ फेब्रुवारीला एडी ॲडम्सने काढलेले छायाचित्र त्यांनी पाहिले: सायगॉनचा पोलीसप्रमुख भर रस्त्यात, हात बांधलेल्या कैद्याच्या डोक्यात गोळी घालतो आहे. मारलेल्यांचे आकडे खरे असतील तर ही ऐंशी हजार माणसे आली कुठून, हा साधा प्रश्न होता. २७ फेब्रुवारीला वॉल्टर क्रॉंकाइट या अत्यंत विश्वासू मानल्या गेलेल्या वृत्तनिवेदकाने सांगितले की हे युद्ध कुणीच जिंकत नाही आणि आता वाटाघाटी कराव्यात. १० मार्चला आणखी २,०६,००० सैनिकांची मागणी वर्तमानपत्रात फुटली. ३१ मार्चच्या रात्री जॉन्सन यांनी उत्तरेवरची बॉम्बफेक मर्यादित करत असल्याचे आणि आपण पुन्हा निवडणूक लढवणार नसल्याचे जाहीर केले. मे महिन्यात पॅरिसला बोलणी सुरू झाली. ती रखडली आणि युद्ध पुढे सात वर्षे चालले, हा भाग वेगळा.

हनोईने जे योजले होते त्यातले काहीच झाले नाही: ना उठाव, ना सैन्यातली फूट, ना सरकारचे पतन. जे झाले ते योजलेले नव्हते. अमेरिकेचे सरकार आपल्या लोकांशी जे बोलत आले होते त्याच्याच भाराने ते खाली आले. याचे श्रेय ले दुआन यांना किती द्यायचे यावर आमच्यात एकमत झाले नाही. आमच्यातल्या एकांचे म्हणणे, शत्रूची अब्रू जाणे हेच तर लाल महालातही झाले. ते खरे आहे. फक्त तिथे त्यासाठी आपली किती माणसे पडली, हेही सांगितले पाहिजे, असे बाकीच्यांचे म्हणणे पडले. तो वाद संपलेला नाही. या वर्षीचे गणपतीही त्यातच जाणार असे दिसते. त्या संदेशाखाली मात्र आम्ही आता हा लेख चिकटवणार आहोत.

हुएमध्ये आजही टेटचे फटाक्यांविना साजरे होणारे पहिले तीनचार दिवस सरतात आणि मग गल्ल्यागल्ल्यांतून श्राद्धाची ताटे मांडली जातात. एका घरात वडिलांचे, शेजारी आजोबांचे, पलीकडे दोन भावांचे एकत्र. सगळ्यांची तिथी थोड्याफार फरकाने एकच असल्यामुळे कुणी कुणाकडे जेवायला जायचे याचीच अडचण होते.